समुद्रात पवनचक्की उभी करायची, पण पायाच दबला तर? सात हजार कोटींच्या योजनेखालचा प्रश्न

गुजरातच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या घोषणेला आता बराच काळ लोटला. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ५०० मेगावॅट गुजरातच्या किनाऱ्यासमोर आणि ५०० मेगावॅट तमिळनाडूच्या. यातले ६,८५३ कोटी उभारणीचा तोटा भरून काढायला आणि ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. समुद्रातली वीज जमिनीवरच्या विजेपेक्षा महाग पडते. दर परवडावा म्हणून मधली तूट सरकार भरणार, असा हा हिशेब आहे. म्हणजे पैसा कुणा कंपनीच्या खिशातला नाही, तुमच्या-आमच्या कराचा आहे.

पालघर जिल्ह्याचा यात काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. डहाणू, तलासरी भागातल्या पाड्यांवरचे शेकडो तरुण पावसाळा सरता सरता गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा ही नावं तिथल्या घराघरात माहीत आहेत. पवनचक्क्यांसाठी गुजरातमध्ये ज्या पट्ट्याचा विचार झाला तो खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावाव-जाफराबादसमोर आहे. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्रही २०१७ मध्ये त्याच बाजूला समुद्रात बसवलं गेलं. हे पाणी मासेमारी बोटींच्या वावरातलं आहे.

आजवर चर्चा झाली ती युनिटच्या दराची, निविदेची आणि मुदतवाढीची. हे एवढं धूड समुद्रात उभं कशावर राहणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. वाढवण बंदराच्या निमित्ताने या जिल्ह्यातल्या लोकांना समुद्राच्या तळाचा प्रश्न नवा राहिलेला नाही. पवनचक्कीच्या बाबतीतही तो विचारायला हवा. युरोपात या प्रश्नाचं उत्तर चुकल्याची उदाहरणं आहेत, आणि ती महागात पडली आहेत.

उपडी बादली

समुद्रात पवनचक्की उभी करायचे तीन-चार प्रकार आहेत. सगळ्यात जास्त वापरला जातो तो एकच जाड पोलादी नळा, म्हणजे मोनोपाइल. मोठ्या हातोड्याने ठोकून तो तळात घुसवतात. दुसरा प्रकार जॅकेटचा. मुंबई हायच्या तेल प्लॅटफॉर्मखाली जसा पाइपांचा सांगाडा असतो, तसा. आणखी एक प्रकार आहे सक्शन बकेट, म्हणजे सरळ भाषेत उपडी घातलेली पोलादी बादली.

ही बादली क्रेनने समुद्राच्या तळावर सोडतात. स्वतःच्या वजनाने ती थोडी चिखलात-वाळूत रुतते. मग वरच्या झाकणाला लावलेल्या पंपाने आतलं पाणी बाहेर काढायला सुरुवात होते. आतला दाब कमी होतो, बाहेरच्या समुद्राचा दाब तेवढाच राहतो, आणि तो दाब झाकणावर बसून बादलीला खाली ढकलतो. ठोकाठोक नाही, मोठा हातोडा नाही, आवाज नाही. उद्या पवनचक्की काढायची झाली तर उलटा पंप लावून पाणी आत भरायचं, बादली वर येते.

ताकद किती? १६ मीटर रुंदीची बादली घेतली तर झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर होतं. आत-बाहेर फक्त १ मीटर पाण्याइतका दाबाचा फरक पडला, तरी झाकणावर सुमारे २०० टनांचा भार येतो. पाच मीटरचा फरक पडला तर हजार टन. एवढं काम एक पंप करतो, म्हणून ही पद्धत कंपन्यांना आवडते.

पण जो दाब झाकणाला खाली ढकलतो, तोच दाब बादलीच्या भिंतीला चहूबाजूंनी आत चेपत असतो. सगळी गोम इथेच आहे.

विल्हेल्म्सहाफेनला काय झालं

डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सहाव्हन बंदराजवळ २००२ मध्ये १२ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल अशी एक बादली बसवून त्यावर ३ मेगावॅटची पवनचक्की उभी केली होती. ते काम यशस्वी झालं. साहजिकच पुढचा घास मोठा घेतला गेला. २००५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनजवळ त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या पवनचक्क्यांपैकी एकीसाठी १६ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल बादली तळात घुसवायला घेतली. भिंतीची जाडी होती २५ मिलिमीटर.

पंचवीस मिलिमीटर म्हणजे इंचभर पोलाद. ऐकायला दणकट वाटतं. पण अंगणात पाण्याचा २०० लिटरचा लोखंडी ड्रम असतो, त्याच्याशी ताडून पाहिलं तर चित्र बदलतं. ती बादली त्याच प्रमाणात लहान करून ड्रमएवढी केली, तर तिचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा भरतो, म्हणजे जवळपास ड्रमच्या पत्र्याइतकाच. आता तो ड्रम उपडा घालून झाकण बंद करायचं आणि आतून पंपाने हवा ओढायची. काय होईल ते गॅरेजवाल्या पोराला विचारायची गरज नाही.

सुरुवातीला काम नीट चाललं होतं. बादली पावणेसात मीटरच्या आसपास खाली गेली. त्या सुमारास मदतीला असलेलं जहाज बादलीला घासलं, धक्का बसला, आणि भिंतीला पोचा पडला. शांत उभ्या असलेल्या टाकीला पोचा पडला तर टाकी दिसायला वाईट दिसते, एवढंच. इथे मात्र भिंत चारही बाजूंनी दाबाखाली होती. पोचा तिथेच थांबला नाही. भिंत आत वळली आणि पाया वाया गेला. ती पवनचक्की त्या बादलीवर कधीच उभी राहिली नाही.

धक्का मारणारं जहाज दोषी की पत्रा पातळ ठेवणारा, हा वाद घालता येतो. पण समुद्रात जहाज घासणं ही काही अघटित गोष्ट नाही. त्याच वर्षी, २६ जुलैच्या मुंबईच्या पुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायवर ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज प्लॅटफॉर्मला धडकलं, गॅसची पाइप फुटली आणि आगीत २२ जणांचा जीव गेला. जहाज आलं होतं ते बोट कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी न्यायला. तो अपघात वेगळ्या प्रकारचा होता, पाया दबल्याचा नव्हता. पण ज्या रचनेजवळ जहाजं येणारच आहेत, ती रचना धक्का बसणारच नाही असं धरून बांधता येत नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखंच लागू होतं.

मोडणं वेगळं, दबणं वेगळं

गावात कुणाचं तरी बोअरचं केसिंग दबलेलं असतंच. उन्हाळ्यात पंपाने पाणी खाली जातं, आतून आधार राहत नाही, बाहेरून ओली माती आणि पाणी दाबत राहतं, आणि एक दिवस पीव्हीसीचा पाइप एका बाजूने चपटा होतो. मोटर आत अडकते. शेतकरी म्हणतो पाइप हलका निघाला. बऱ्याचदा पाइपचं प्लास्टिक खराब नसतं. ते फाटलेलं नसतं, झिजलेलं नसतं. त्याचा गोल आकार फक्त हरलेला असतो. केसिंग आणि समुद्रातली बादली यांचं दुखणं एकच आहे.

पोलाद तुटायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी आधी पातळ पोलादी नळा आकार सोडतो. सरळ उभ्या काठीबाबत ही गोष्ट ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्येच मांडली होती. लांब, बारीक काठीवर भार टाकला तर ती चिरडत नाही, ती वाकते. पातळ नळ्यांचं वागणं त्याहून लबाड आहे. काठी वाकताना थोडी तरी सूचना देते. नळा शेवटच्या क्षणापर्यंत ताठ उभा असतो आणि मग एकदम आत बसतो.

आणखी एक खोड आहे. विसाव्या शतकात प्रयोगशाळेत नळ्यांवर उभा भार टाकून पाहिलं, तेव्हा गणिताने जो आकडा सांगितला होता त्याच्या निम्म्यावर, कधी तर पाचव्या हिश्श्यावरच नळे बसले. अभियंत्यांना काही कळेना. उत्तर नेदरलँड्सच्या कॉइटर यांनी १९४५ मधल्या आपल्या प्रबंधात दिलं. गणितातला नळा अगदी गोल असतो, कारखान्यातला नसतो. वेल्डिंगच्या जागी पत्रा थोडा ओढला जातो, एखादी बाजू काही मिलिमीटर आत-बाहेर होते, उचलताना पोचा येतो. पातळ नळ्याची ताकद या डोळ्याला न दिसणाऱ्या वाकड्यातिकडेपणावरच अवलंबून असते. प्रबंध डच भाषेत होता, त्यामुळे बाकीच्या जगाच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

मग पत्रा जाड का करत नाहीत? करता येतो. बाहेरच्या दाबापुढे पत्र्याची जाडी दुप्पट केली तर दबण्याविरुद्धची ताकद पाच पटींहून जास्त वाढते. पण विल्हेल्म्सहाफेनसारख्या बादलीच्या भिंतीत फक्त १ मिलिमीटर जाडी वाढवायची म्हटली, तर जवळपास ६ टन पोलाद जास्त लागतं. एका पवनचक्कीला तीन बादल्या, आणि पवनचक्क्या शंभर. पत्रा किती मिलिमीटरचा ठेवायचा याची घासाघीस म्हणूनच चालते. दुसरा मार्ग स्वस्त आहे, आणि तो ड्रमवर रोज दिसतो. ड्रमच्या पोटाला ज्या दोन गोल उठावदार वळ्या असतात, त्या नुसत्या लोळवायला सोयीच्या म्हणून नसतात. त्यांनी पत्र्याला कणा मिळतो. छपराचा पन्हाळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो, तोही याच कारणाने. बादलीलाही आतून-बाहेरून अशा पट्ट्या लावता येतात. पण पट्टी जास्त लावली की जमिनीत घुसताना ती अडते, पंपाला जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर वाढला की भिंतीवरचा दाबही वाढतो.

कॉम्प्युटरवरची परीक्षा

एवढी मोठी बादली खरोखर बांधून, दाबून, फोडून बघणं परवडत नाही. म्हणून ती आधी कॉम्प्युटरवर बांधतात. डेन्मार्कच्या आलबोर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच काम वर्षानुवर्षं केलं आहे.

पद्धत समजायला अवघड नाही. गावच्या शिवाराचा नकाशा जसा गटांमध्ये पाडलेला असतो, तशी बादलीची भिंत हजारो लहान चौकोनांत पाडतात. प्रत्येक चौकोन शेजारच्याला कसा ओढतो, कसा ढकलतो, याची समीकरणं कॉम्प्युटर एकत्र सोडवतो. भोवतीची मातीही अशीच तुकड्यांत घेतात. मग आतला दाब थोडा थोडा कमी करत जायचं आणि भिंत कुठल्या दाबाला आत बसते ते पाहायचं.

पहिली फेरी सोपी. बादली अगदी गोल, पोलाद निर्दोष. त्यातून जो आकडा येतो तो छान मोठा असतो. एखाद्याला निविदा जिंकायची घाई असेल तर तो इथेच थांबेल.

खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत असते. बादली मुद्दाम वाकडी करायची. कुठे पोचा घालायचा, कुठे गोलाई बिघडवायची, पोलाद ताणलं की कसं नरम पडतं तेही धरायचं, आणि पुन्हा दाब लावायचा. पोचा किती खोल धरायचा आणि कुठे धरायचा, हे कॉम्प्युटर ठरवत नाही, माणूस ठरवतो. वेल्डिंगपुरता काही मिलिमीटरचा पोचा धरला तर एक उत्तर येतं. जहाज घासल्यावरचा पोचा धरला तर दुसरं येतं. दोन्ही उत्तरं बरोबर असतात, कारण प्रश्नच दोन वेगळे विचारलेले असतात.

मातीचंही तसंच. बादलीचा जेवढा भाग जमिनीत गेला, त्याला माती बाहेरून आणि आतून धरून ठेवते. वर राहिलेला भाग उघडा. जसजशी बादली खाली जाते, तसतसा उघडा भाग कमी होतो हे चांगलं, पण खाली ढकलायला लागणारा जोर वाढत जातो हे वाईट. धोका सुरुवातीला कमी, शेवटी कमी, मध्ये जास्त असा येऊ शकतो. विल्हेल्म्सहाफेनची बादलीही निम्म्या वाटेवरच बसली. मग माती किती घट्ट धरते, हा आकडा आला कुठून? त्या जागी बोअर मारून नमुने काढले असतील तर ठीक. शेजारच्या जागेवरून अंदाज बांधला असेल तर कॉम्प्युटरचं उत्तरही अंदाजच असतं, फक्त ते रंगीत चित्रात येतं म्हणून खरं वाटतं.

वाळू असेल तर आणखी वेगळा खेळ. पंप ओढू लागला की बाहेरचं पाणी वाळूतून झिरपत आत येतं आणि बादलीच्या कडेखालची वाळू सैल होते. त्यामुळे बादली सहज घुसते. मात्र जास्त ओढलं की विहिरीच्या झऱ्यात वाळू उकळल्यासारखी वर येते तसं आत होतं, आणि पायाखालची पकडच जाते. चिकण मातीत असं पाणी झिरपत नाही, तिथे सगळा जोर पंपालाच लावावा लागतो.

कॉम्प्युटर चुकला तेव्हा

नॉर्वेतली स्लाइपनर-ए प्लॅटफॉर्मची गोष्ट अभियांत्रिकीच्या कॉलेजांत आजही शिकवली जाते. पाया पोलादी नव्हता, काँक्रीटचा होता, चोवीस पोकळ कोठ्यांचा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत तो पाण्यात हळूहळू खाली नेऊन तपासत होते. वरचा डेक नंतर बसवायचा होता. सुमारे ६५ मीटर खोलीवर असताना मोठा आवाज झाला, एका कोठीच्या भिंतीला तडा गेला आणि पाणी आत घुसलं. पंप पुरे पडले नाहीत. सुमारे अठरा मिनिटांत अख्खा पाया बुडाला. तळाला आपटून फुटला तेव्हा भूकंपमापकावर ३ रिश्टरची नोंद झाली. माणसं वाचली. नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

चौकशीत सापडलं ते असं. तीन कोठ्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात कॉम्प्युटरवर चौकोन पाडताना ते मोठे आणि वेडेवाकडे पाडले होते. त्यामुळे भिंतीवरचा ताण ४७ टक्के कमी दिसला. त्या आकड्यावर विसंबून भिंत पातळ ठेवली, आतल्या सळ्याही हव्या तेवढ्या लांब नेल्या नाहीत. नंतर गणित नीट केलं तेव्हा पाया ६२ मीटरवर फुटणार असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटला ६५ वर. म्हणजे तंत्र खोटं नव्हतं, वापर घाईचा होता. कागद-पेन्सिल घेऊन केलेल्या साध्या हिशेबातही ही चूक पकडता आली असती, असं पुढच्या अभ्यासांनी दाखवलं.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर १९९२ मध्ये गुडविन-ए प्लॅटफॉर्मच्या बऱ्याच पाइलचं टोक तळात ठोकताना चुरगळलं. कडेला सुरुवातीला लहानशी वाकणूक आलेली होती. जसा पाइल खाली जात गेला, तसं ते वाकडं टोक मातीत आणखी वाकत गेलं, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसलं नाही. तिथला तळ शंख-शिंपल्यांच्या चुन्यापासून बनलेला होता. मुंबई हाय परिसरातही चुनखडीचा अंश असलेली वाळू सापडते, हे आपल्याकडच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. एखाद्या जागेचा तळ दुसऱ्या जागेसारखा धरून चालत नाही, एवढं यावरून कळायला हरकत नाही.

मग ही पद्धतच नको का?

तसं म्हणणं बरोबर होणार नाही. उत्तर समुद्रात ड्राउप्नर-ई हा प्लॅटफॉर्म १९९४ पासून बादलीच्या पायांवर उभा आहे. १ जानेवारी १९९५ रोजी त्याच्याखालून २५.६ मीटर उंचीची लाट गेली, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. पाया हलला नाही. स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनजवळ २०१८ पासून ११ पवनचक्क्या अशाच पायांवर फिरताहेत. त्याच देशातल्या सीग्रीन प्रकल्पात ११४ पवनचक्क्या आहेत, प्रत्येकीच्या सांगाड्याला तीन पाय आणि प्रत्येक पायाखाली एक बादली. म्हणजे ३४२ बादल्या समुद्राच्या तळात नीट बसल्या.

फरक एवढाच की एकच अवाढव्य बादली करण्याऐवजी तीन लहान बादल्या केल्या. बादली लहान, तर त्याच जाडीचा पत्रा जास्त दाब सोसतो. विल्हेल्म्सहाफेनला जे बिघडलं ते लपवून ठेवलं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. त्या बादलीची मापं, ती किती खोल गेल्यावर बसली, का बसली, हे शोधनिबंधांतून जगाने वाचलं. पुढच्या अभियंत्यांनी आपल्या कॉम्प्युटरमध्ये तोच पोचा घालून पाहिला.

आता खंभात

भारतात सरकारने बादलीचाच पाया ठरवला आहे असं नाही. ठेकेदार मोनोपाइल वापरेल, जॅकेट वापरेल किंवा बादली. मोनोपाइल हाही शेवटी पातळ भिंतीचा नळाच आहे आणि ठोकताना त्याचंही टोक चुरगळू शकतं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, प्रवाह जोरदार आहे, नद्यांचा गाळ येतो. प्रवाहामुळे पायाभोवतीची माती वाहून जाते आणि जो भाग मातीने धरलेला असतो असं गणितात मानलं, तो उघडा पडतो. उत्तर समुद्रातला नमुना उचलून इथे चिकटवता येणार नाही.

म्हणून सरकारी पैसा देताना काही कागद मागायला हवेत, आणि ते लोकांना दिसायला हवेत. प्रत्येक पवनचक्कीच्या जागी बोअर मारला होता का, की दर पाच जागांमागे एक? गणितात पोचा किती धरला, आणि जहाजाचा धक्का धरला का? ते गणित दुसऱ्या, ठेकेदाराशी संबंध नसलेल्या संस्थेने पुन्हा करून पाहिलं का? काम करताना एखादा पाया बिघडला तर तो अहवाल जाहीर होणार का, की व्यावसायिक गुपित म्हणून कपाटात जाणार? अनुदानाची अट म्हणून हे घालता येतं. तूट भरून देणाऱ्याला वही तपासायचा हक्क असतो, हे गावातल्या दूध सोसायटीलाही माहीत आहे.

खलाशांचा प्रश्न याच धक्क्याला जोडलेला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे समुद्रातल्या अशा रचनेभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र आखता येतं. त्यात बोट शिरली की ती बेकायदा. ब्रिटनमध्ये बांधकाम चालू असताना ५०० मीटर आणि पवनचक्की सुरू झाल्यावर साधारण ५० मीटर असा रिवाज आहे. तिथे काही ठिकाणी पवनचक्क्यांमधून मासेमारी चालते. जर्मनीने बहुतेक ठिकाणी अख्खं क्षेत्रच बंद ठेवलं. मोठ्या पवनचक्क्या एकमेकींपासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर असतात. प्रत्येकीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं की मध्ये बोटीला जायला अरुंद गल्ली उरते किंवा तीही उरत नाही, आणि जाळं ओढत नेणाऱ्या बोटीला गल्लीतून वळता येत नाही.

पाया जेवढा काठावरच्या हिशेबाने, पातळ पत्र्याचा केलेला, तेवढं बोटींना लांब ठेवायचं कारण कंपनीच्या हातात मोठं. पाया धक्का धरून बांधला असेल तर ५० मीटरवर बोलणं होऊ शकतं. गुजरातच्या बोटमालकांच्या संघटना आपलं गाऱ्हाणं तिथल्या सरकारकडे मांडतील. तलासरीचा खलाशी मात्र तिथे मतदार नाही, बोटीचा मालक नाही, आणि ठरावाच्या कागदावर त्याचं नाव येत नाही. त्याची बाजू मांडायची तर ती पालघरमधूनच, मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत आणि इथल्या लोकप्रतिनिधींमार्फत, जागेची आखणी अंतिम व्हायच्या आधी मांडावी लागेल. खंभातच्या समुद्रात अजून एकही पवनचक्की उभी नाही, म्हणजे त्याला अजून वेळ आहे.